फर्म्यातली आई

“वाचू नकोस. बघ.”

प्रूफाचा ओला कागद हातात देताना आजोबा एवढंच म्हणायचे. वाचायला लागलं की माणूस अर्थाच्या मागे पळतो आणि अक्षर मागच्या मागे निसटतं, असं त्यांचं म्हणणं. सहा वर्षांची असताना छापखान्यातल्या उंच स्टुलावर बसून तिनं एका जाहिरातीत ‘कापड’मधला पडलेला काना पकडला, आणि त्या दिवसापासून घरात तिचं नाव काना पडलं. चिडवायचं असलं की दादा तिला ‘काणी’ म्हणायचा. आजोबा गेले, छापखान्यात खिळ्यांच्या, म्हणजे शिशाच्या सुट्या अक्षरांच्या, जागी संगणक आले. नाव राहिलं.

आज रविवार होता. मंगळवारी तिच्या प्रबंधाची तोंडी परीक्षा होती. चारशे वर्षांपूर्वीची इंग्रजी नाटकं, पाच वर्षं, साडेतीनशे पानं. ती परीक्षा झाली की पुढच्या महिन्यात कॉलेजात शिकवायची नोकरी. निवड झालेलीच होती, फक्त पदवी हवी होती. आत्यानं ते निमित्त पकडलं आणि ती मोठ्या काकांना घेऊन आली. काका आठ वर्षांनी या घरात पाऊल टाकत होते. काकांनी जन्मभर जुळवलेले छापखान्यातले सगळे खिळे बाबांनी त्यांना न विचारता वितळवायला दिले, तेव्हापासून ते आत्याकडेच राहत.

चहा झाला. केकचे तुकडे बशीत तसेच राहिले. बाबा खिडकीपाशी उभे राहून रस्त्यावरच्या गाड्या बघत होते, काका खुर्चीच्या अगदी कडेला बसले होते, जसं कुणी कुठल्याही क्षणी उठायला सांगेल.

“अरे, दोघं एकमेकांकडे बघा तरी,” आत्या म्हणाली. तीस वर्षं नर्स होती ती. रोग्याला इंजेक्शन देताना बोलावं तसंच सगळ्यांशी बोलायची. “काने, तुझं ते नाटक दाखव काकाला. छापलेलं काही दिसलं की जीव रमतो त्याचा.”

म्हणून काना उठली आणि चौथ्या प्रकरणाला जोडलेली आठ पानं घेऊन आली. जुन्या छापील नाटकाची, संगणकावरून काढलेली.

काकांनी चष्मा कपाळावर चढवला आणि कागद नाकाशी नेला. “लेखक कोण?”

“कुणाला माहीत नाही. मी आपली ‘विधवेचं नाटक’ म्हणते. हे बघा, प्रत्येक बोलण्याआधी बोलणाऱ्याचं नाव तिरप्या अक्षरात आहे. ही बाई सगळ्या नाटकात ‘मदर’ आहे. फक्त या आठ पानांत मध्येच ‘विडो’ होते, परत ‘मदर’, परत ‘विडो’. मुलाचा विषय निघाला की लेखकाला ती आई दिसते, स्वतःपुरती असली की विधवा. लिहिता लिहिता त्याच्या मनात ती हलत असते. माझं चौथं प्रकरण सगळं याच्यावर आहे.”

“नोकरी त्याच्यावरच मिळाली तिला,” आई म्हणाली. “निवड समितीतल्या एकानं तो लेख आधीच वाचलेला होता. मुलाखतीत दुसरं काही विचारलंच नाही.”

काकांना इंग्रजी येत नव्हतं. अक्षरं मात्र सगळी ओळखीची होती. उलटी, सुलटी, तुटकी. ते पानांवरून बोट फिरवत राहिले आणि त्यांचे ओठ मोजल्यासारखे हलत राहिले.

“पानांवर आकडे घाल. एक ते आठ.”

तिनं घातले. काकांनी पानांचे दोन ढीग केले. मग दादाकडे हात केला. “एक मोठा कोरा कागद दे रे.”

दादानं एका पोस्टरचा मागचा कोरा भाग पुढे केला. काकांनी तो मधोमध दुमडला, परत दुमडला, कोपऱ्यांत आकडे टाकले आणि उघडून टेबलावर पसरला. एका बाजूला एक, चार, पाच, आठ. उलटवला. दोन, तीन, सहा, सात.

कानानं पेन टेबलावर ठेवलं. फर्मा, म्हणजे दोन्ही बाजूंनी छापून पानांसाठी दुमडायचा एक मोठा कागद, तिला ठाऊक होता. त्याच्यावर तिनं एक टीपसुद्धा लिहिली होती. पण तिनं ही पानं पडद्यावर एकामागून एक वाचली होती, दोनशे वेळा, आणि एकदाही कागद दुमडला नव्हता.

“या ढिगात कुठलं नाव आहे?”

“मदर.” तिला बघावं लागलं नाही.

“आणि त्या ढिगात विडो. एकही चुकार नाही.” काकांचा आवाज अगदी हळू होता. “बाळ, कागदाची ही बाजू आधी जुळवली. ती मशीनवर असेपर्यंत त्यातले खिळे अडकलेले. दुसरी बाजू केसमध्ये, खिळ्यांच्या खणांच्या पेटीत, उरलेल्या खिळ्यांवर भागवायची. तिरपे मोठे एम संपले होते. हा दुसरा एमवाला कोण?”

“मर्चंट. व्यापारी आहे.”

“त्याला दुसरं नाव नाही. मग उरलेले एम त्याला दिले. बाईला दुसरं नाव होतं. तिचं बदललं.”

“म्हणजे आमची काना खरंच काणी निघाली!” दादा म्हणाला.

कुणी हसलं नाही. मग त्याचंही हसू ओसरलं.

*

“आठ वर्षांनी उंबरा ओलांडला,” स्वयंपाकघरात आई कप आपटत म्हणाली, “आणि पहिलं काम काय केलं, तर पोरीच्या प्रबंधाला भोक पाडलं.”

“भोक होतंच गं,” आत्या म्हणाली. “त्यानं बोट घातलं इतकंच.”

“ताई, तुम्ही आणलंत त्यांना.”

“आणलं. हवं तर उद्याही आणीन. तू त्या कपाचा कान तोडू नकोस.”

आईनं कप ठेवला, परत उचलला, धुतलेलाच परत धुतला. बावीस वर्षं तिनं याच घरात जेवणाच्या टेबलावर छापखान्याची प्रूफं वाचली होती. पुस्तकांवर तिचं नाव कधी आलं नाही, आणि तिनं ते मागितलंही नव्हतं. छापखान्यातले लोक तिला वहिनी म्हणत, गिऱ्हाइकं मालकीणबाई, बँकेतला माणूस नवऱ्याचं आडनाव लावून बाई. ज्याला जे हाताशी लागेल ते. मुलीच्या प्रबंधावर मुलीचं नाव पहिल्याच पानावर होतं, एकटं, मधोमध. ते तिनं पाहिलं होतं, आणि त्या पानावरून बोटही फिरवलं होतं.

काना दारात येऊन उभी राहिली.

“ये. बस,” आई म्हणाली. “परवा तोंडातून अवाक्षर काढायचं नाही. पदवी हातात पडू दे, नोकरीवर हजर हो, मग लिही काय लिहायचं ते. शंभर लेख लिही. चूक झाली म्हणून गावभर सांग. परवा नाही.”

“त्यांनी विचारलं तर?”

“पाच वर्षांत कुणी विचारलं नाही, ते परवा विचारणार आहेत?”

“तेच तर ना आई. कुणी विचारणारच नाही.”

“मग झालं तर!”

“तिला काय म्हणायचंय ते तुला कळलंय,” आत्या म्हणाली. “उगाच न कळल्यासारखं करू नकोस.”

“ताई, तुम्ही यात पडू नका. तुमच्या पोटी पोर असती तर…” आई थांबली. आत्यानं फडकं घेतलं आणि बशा पुसायला लागली. दोन बशा पुसून झाल्यावर ती म्हणाली, “हं. बोल पुढे. मी ऐकतेय.”

आईचा आवाज उतरला. “मला शब्द दे, काने. सहाच्या आत दे.”

सहाच्या आत, कारण रोज संध्याकाळी सहा ते साडेसहा आई बोलत नसे. दादा लहानपणी खूप आजारी पडला होता, तेव्हा घेतलेला नेम. एकोणीस वर्षं. पाहुणे आले, दूध उतू गेलं, एकदा तर जिन्यावरून पाय घसरून पडली, पण तो अर्धा तास मोडला नाही.

भिंतीवरच्या घड्याळात साडेचार झाले होते.

*

बाबांना आपला भाऊ चुकलेला हवा होता. तसं त्यांनी स्वतःशी कबूलही केलं. सगळे पांगल्यावर ते टेबलाशी बसले, पेन्सिल घेतली आणि आठही पानांवरचे तिरपे मोठे एम मोजले. पहिल्या ढिगात चौतीस. दुसऱ्यात नऊ. परत मोजले. मग काना पाठीमागून आली आणि तिनं आधीच्या आणि नंतरच्या फर्म्यांची पानं आणून ठेवली. तिकडे दोन्ही बाजू मिळूनही कुठंच चौतीसच्या वर आकडा जात नव्हता.

“म्हणजे त्यांच्याकडे सगळे मिळून चाळीसेक खिळे असतील,” बाबा म्हणाले. “या एकाच ठिकाणी आई आणि व्यापारी दोघं भरपूर बोलतात. त्यात संपले.”

“भांडण आहे त्यांचं इथं. नाटकातलं सगळ्यात मोठं.” ती खुर्ची ओढून बसली, लगेच उठली. “बाबा, मी त्या भांडणावर साठ पानं लिहिलीत. लेखकाला तिच्याबद्दल काय वाटत होतं त्याच्यावर. आणि त्याला काहीच वाटत नव्हतं. त्यानं सगळीकडे ‘मदर’च लिहिलं असेल.”

“दहा जणांनी वाचलं. कुणाला दिसलं नाही.”

“दहा जणांच्या घरी छापखाना नव्हता.”

बाबांनी पेन्सिल खिशात टाकली आणि ते बाहेर आले. काका जिन्याच्या वरच्या पायरीवर बसले होते. बूट घातलेले, पण नाड्या सुट्या. निघायचं की नाही हे त्यांचं त्यांनाच ठरवता येत नव्हतं.

“मी बोलायला नको होतं,” काका म्हणाले.

“तू बोलला नसतास तर मी बोललो असतो.”

“तुला दिसलं नसतं.”

“नसतं,” बाबा म्हणाले, आणि दोघंही एकाच वेळी किंचित हसले. बाबा एक पायरी खाली बसले. “भाऊ, ते खिळे… मी विचारायला हवं होतं तुला.”

“हवं होतं.”

“तू नाही म्हणाला असतास.”

“म्हणालो असतो. तरी तू दिलेच असतेस. पण विचारलेलं बरं असतं.” काकांनी एका बुटाची नाडी बांधली, परत सोडली. “ते जाऊ दे. तिचं काय करायचं? वर्ष जाईल तिचं. मला रात्री झोप यायची नाही.”

“तिच्या आईला तर आजपासूनच येणार नाही.”

मागून दादा आला, चपला फटफटवत. “काका, मला एक सांगा. एम संपले, मान्य. पण ‘विडो’च का लावलं त्यानं? ‘बाई’ लावता आलं असतं. ‘म्हातारी’ लावता आलं असतं. इंग्रजीत शब्दांना तोटा आहे का?”

“केसच्या ज्या घरात खिळे भरपूर, ते उचलायचं. हात आपोआप जातो.”

“म्हणजे तेवढंच?”

काकांनी दुसरी नाडी हातात घेतली. “बहुतेक तेवढंच. किंवा मग… त्याच्या घरी असेल कुणी तसं. मला काय माहीत? जुळवणारा माणूस आहे तो. दिवसभर दुसऱ्याची अक्षरं लावतो. कधीतरी एखादं आपलं जातं.”

काना दारात उभी होती. ती कधी आली ते कुणी पाहिलं नव्हतं. “काका, परत सांगा,” ती म्हणाली. काकांनी परत सांगितलं, पण दुसऱ्यांदा ते तितकं चांगलं झालं नाही आणि ते स्वतःवरच चिडले.

“म्हणजे तुला नवीन प्रकरण मिळालं की!” दादा म्हणाला.

“नवीन प्रकरण म्हणजे मूळ पुस्तकं प्रत्यक्ष बघायला हवीत. एकेक खिळा ओळखायला हवा, कुठला तुटका, कुठला झिजलेला. परवापर्यंत होतं का ते?” ती आत गेली. तिच्या खोलीचं दार लागलं, उघडलं, परत लागलं.

*

सहाला पाच मिनिटं कमी असताना आई बाहेरच्या खोलीत येऊन बसली. तिनं मुलीच्या बंद दाराकडे पाहिलं, मग घड्याळाकडे. सगळे तिथंच होते. जायचं कुणालाच सुचत नव्हतं. घड्याळात सहा झाले. आईनं हात मांडीवर ठेवले आणि ओठ मिटले.

दार उघडलं. काना फोन हातात घेऊन आली. तिनं आईकडे पाहिलं नाही.

आईला कळलं. पोरीनं सहाची वाट पाहिली होती.

“बाई, मी बोलतेय. रविवारी त्रास देतेय. चौथ्या प्रकरणात चूक आहे.”

मार्गदर्शक बाईंचा आवाज चाळीस वर्षं मोठ्या वर्गांत वापरलेला होता. तो फोनबाहेर खोलीभर ऐकू येत होता. “टायपिंगची?”

“एका अर्थी हो.”

ती बोलत गेली. फर्मा, दोन बाजू, चौतीस आणि नऊ. शिकवल्यासारखं नीट, एकेक पायरी घेत. आईची बोटं पदराच्या काठात गुंतत गेली. बोलायला हवं होतं. एक शब्द पुरला असता: ‘थांब.’ एकोणीस वर्षांत तो अर्धा तास इतका लांब कधी झाला नव्हता. तिनं डोळे मिटले, तर कानांना जास्तच ऐकू यायला लागलं. म्हणून उघडले.

फोनमध्ये कागद चाळल्याचा आवाज आला.

“दोन्ही परीक्षकांचे अहवाल माझ्यासमोर आहेत,” बाई म्हणाल्या. “दोन्ही चांगले आहेत. तू हे मला आज सांगितलं नसतंस तरी चाललं असतं, हे तुला कळतंय ना?”

“हो.”

“प्रबंध मागे घेतलास तर वर्ष जाईल. जास्तच. आणि ती जागा तुझ्यासाठी कुणी रिकामी ठेवणार नाही.”

“हो बाई.”

“कुणी दाखवलं हे? कुठं छापून आलंय?”

“नाही. माझे काका. ते खिळे जुळवायचे.”

“त्यांनी नाटक वाचलंय?”

“त्यांना इंग्रजी येत नाही.”

पलीकडे कुणीतरी खुर्ची सरकवल्याचा आवाज आला. मग बाईंचा आवाज बदलला. मोठा राहिला नाही. “उद्या सकाळी आठला माझ्या खोलीत ये. परवाची परीक्षा ठेवायची की पुढे ढकलायची, ते तिथं बसून ठरवू. मी कसलाही शब्द देत नाहीये. आणि त्यांना घेऊन ये. मला ते त्यांच्या हातानं कागद दुमडताना बघायचंय. येतील?”

काका दोन्ही हात हलवत होते. नाही, नाही. “कॉलेजात? मी? तिथं मला काय बोलायचं ते कळणार नाही,” ते कुजबुजले.

कानानं फोन छातीशी धरला. “काका, मी एकटी गेले तर परवाची परीक्षा देऊन टाक असं त्या मला समजावतील. आणि मला पटेल. मला तेच पटवून घ्यायचंय, म्हणून लगेच पटेल.”

आत्यानं काकांच्या खांद्यावर हात ठेवला, नाडी बघावी तसा.

“येतो म्हणावं,” काका म्हणाले. मग जरा मोठ्यानं, फोनमधल्या बाईंनाही ऐकू जाईल असं, “शब्द दिला म्हणून सांग.”

फोन बंद झाला तेव्हा सहा वाजून अकरा मिनिटं झाली होती. उरलेली एकोणीस मिनिटं सगळे आईच्या समोर बसून राहिले, शिक्षा झाल्यासारखे. दादा मध्येच उठला, पाणी प्यायला, परत येऊन बसला. कुणीही कुणाशी बोललं नाही, जणू नेम सगळ्यांनीच घेतला होता.

साडेसहा झाले.

“माझ्या सहाची वाट बघितलीस,” आई म्हणाली.

“हो.”

“मला बोलता आलं असतं तर केला असतास फोन?”

कानानं खरं उत्तर शोधलं. “माहीत नाही.”

आई उठली. तिच्या गुडघ्याचा आवाज झाला. “आज तू माझ्याशी बोलू नकोस. माझ्याच्यानं व्हायचं नाही.” ती आत निघाली, आणि पडद्यापाशी थांबून, मागे न बघता म्हणाली, “भाऊजी, इस्त्रीचा शर्ट आहे का तुमच्याकडे?”

“आहे एक. कॉलरपाशी जरासा…”

“अहो, तुमचा पांढरा काढा. कपाटात उजवीकडे आहे. आणि तिला म्हणावं, जेवून घे. उपाशी पोटी बाईंसमोर उभी राहिली तर रडायला लागेल.”

*

काकांना साडेचारलाच जाग आली. आत्याच्या घरातल्या मधल्या खोलीत ते अंधारातच पलंगावर बसून राहिले. बाईंनी विचारलं की हे तुम्हाला कसं कळलं, तर काय सांगायचं? कळलं नाही, दिसलं. मग त्या म्हणतील, दिसलं म्हणजे काय? मग? त्यांनी मनात दोन-तीन वाक्यं जुळवली आणि सोडली. पोरीचं वर्ष आपल्या एका वाक्यानं गेलं होतं. आता दुसऱ्या एखाद्या वाक्यानं ते परत येईल असं काही नव्हतं. पण ती तिथं एकटी उभी राहणार नव्हती. एवढंच आपल्या हातात होतं.

दाढी करताना हनुवटीपाशी कापलं. त्यांनी कागदाचा कपटा चिकटवला. धाकट्याचा शर्ट बाह्यांना लांब होत होता. त्यांनी दोन घड्या घातल्या, मग कॉलेजात बाह्या दुमडून जातात की नाही, हे न कळून परत सोडल्या.

“भाऊ?” आतून आत्याचा आवाज आला. “किती वाजले?”

“सहा.”

“आठला जायचंय ना? पंचवीस मिनिटांचा तर रस्ता आहे. काना न्यायला येतेय तुला.”

“मीच तिच्या दारी जातो. तिला इकडं यायला नको.”

“काल सगळ्यांनी त्रास दिला पोरीला, म्हणून आज तू पहाटे जाऊन दारात उभा राहणार?”

“बेल नाही वाजवत. बाहेर थांबतो,” काका म्हणाले. “ती निघेल तेव्हा निघेल.”

आत्या आणखी काहीतरी म्हणत होती. त्यांनी दार अलगद ओढून घेतलं, बिजागरी करकरू नये म्हणून खालून जरा उचलून धरत, आणि कठड्याला हात लावत जिना उतरायला लागले.